पोटाशी अकरा अंडी

विसाव्या दिवशी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी पेटीतले दोन्ही दिवे एकदम विझले आणि लोम्बेच्या हातातला चहा हातातच राहिला.

पेटी म्हणजे एक बाद झालेला फ्रीज. ज्यानं वीस वर्षं लोकांचं मटण गार ठेवलं, त्यालाच सुतारानं आता अंडी गरम ठेवायला लावलं होतं. आत दोन बल्ब, जुन्या कॉम्प्युटरमधला पंखा, तळाशी पाण्याचा ट्रे आणि दाराला वीतभर काच. लुआन्श्या या खाणींच्या शहरातल्या त्यांच्या वस्तीत अशा सात-आठ पेट्या होत्या, पण नाव होतं ते लोम्बेच्या पेटीचं. साठ अंडी घातली तर पन्नास पिल्लं काढून देणारी बाई म्हणून लोक लांबून तिच्याकडे यायचे, अंड्यांवर पेन्सिलीनं आपापली नावं घालून. या खेपेला मात्र तिनं सगळ्यांना हात जोडून परत पाठवलं होतं. साठांच्या पेटीत फक्त अकरा अंडी होती आणि त्यांवर कुणाचंच नाव नव्हतं.

आज वीज जायची पाळी नव्हती. पाळ्या तिला तोंडपाठ होत्या. चर्चमधली प्रार्थना एखादे वेळी चुकेल, पण मंगळवारी दुपारी बारा ते आठ हे चुकणार नाही. आज तर रविवार नाही, मंगळवार नाही, काही नाही. ती तशीच बाहेर धावली.

कोपऱ्यावर कोळशाचा ट्रक विजेच्या खांबावर चढला होता. खांब रस्त्यात आडवा, तारा लोळतायत, पोती फुटून कोळसा सगळीकडे, आणि अख्खी गल्ली घमेली-बादल्या घेऊन वेचायला लागलेली. ड्रायव्हर डोकं धरून कडेला बसला होता. त्याला पाणी पाजायला एकाला सवड नव्हती.

"कबासोच्या आई, उभी काय राहिलीस? टोपलं आण!" शेजारीण ओरडली. इथे बाईला थोरल्या पोराच्या नावानं ओळखतात. लोम्बे कबासोची आई, तशी ही सगळ्या गल्लीला चिशालाची आई. "जूनच्या ऐन हिवाळ्यात देवानं घरपोच कोळसा पाठवलाय!"

"वीज कधी येईल?"

"वीज? खांब बघ कसा पसरलाय दारुड्यासारखा. संध्याकाळपर्यंत उठला तर उठला, नाहीतर उद्या. अकराच अंडी आहेत ना तुझी? ऑम्लेट कर, आम्हाला बोलाव."

लोम्बेनं दोन घमेली कोळसा भरला आणि घराकडे वळली.

काचेतून थर्मामीटर दिसत होता. साडेसदतीसवरून छत्तीसवर आला होता. आणि त्या अंधारात, पेटीच्या पत्र्याला कान लावला की एक आवाज येत होता, अगदी बारीक, थांबून थांबून. पहाटेपासून येत होता. एका पिल्लानं आतून कवचाला चोच लावली होती.

म्हणजे सगळ्यात वाईट वेळ. शेवटचे तीन दिवस पेटी उघडायची नसते. दार उघडलं की आतली दमट हवा जाते, कवचाखालचा पापुद्रा वाळतो, पिल्लाला चिकटतो आणि ते जिवंतपणी आतल्या आत आवळलं जातं. आणि दार न उघडावं, तर गारठून जातं. लोम्बेनं अंगणात शेगडी पेटवली, पाणी तापवलं, प्लॅस्टिकच्या चार बाटल्या भरल्या, टॉवेल ओला केला आणि श्वास रोखून एकदाच दार उघडलं. बाटल्या आत, टॉवेल आत, दार बंद. वरून घरातली होती नव्हती ती सगळी पांघरुणं पेटीला गुंडाळली. नवऱ्याचा खाणीतला जाड कोटसुद्धा. तो स्वतः सोल्वेझीच्या खाणीवर होता, महिन्यातून एकदा यायचा. कोटाचं असं चीज झालेलं त्याला कुठून कळणार!

ही अंडी तिच्या आईच्या कोंबड्यांची होती, आणि आता त्या कोंबड्यांचं जगात एवढंच उरलं होतं.

आई गेल्या जुलैमध्ये गेली. मागे ठेवण्यासारखं तिच्याकडे काही नव्हतं. एक पत्र्याची ट्रंक आणि सतरा कोंबड्या. बोडक्या मानेच्या, लांब टांगांच्या, दिसायला अगदी ओंगळ. शहरातली माणसं हसायची त्यांना. पण आईनं लग्नात माहेराहून दोन आणल्या होत्या, त्यांची ही चाळीस वर्षांची वेल. खाणी बंद पडल्या तेव्हा त्यांच्याच अंड्यांवर पोरांच्या वह्या आल्या. दवाखान्यात शेवटच्या दुपारी आईनं डोळे उघडले तेही लोम्बेला एवढंच विचारायला, "कोंबड्यांना पाणी ठेवलंस ना?" लोम्बे "हो" म्हणाली. त्यानंतर आई बोलली नाही.

आणि एक वर्षसुद्धा लोम्बेला त्या सांभाळता आल्या नाहीत.

एप्रिल महिन्याच्या अखेरीला मोठीआई आली होती. मोठीआई म्हणजे आईची थोरली बहीण. आईच्या बहिणीला मावशी म्हणायची इथे पद्धत नाही, तीही आईच. म्पोंग्वेच्या बाजूला खेड्यात राहायची, दर दोन महिन्यांनी डोळे दाखवायला बसनं लुआन्श्याला यायची. येताना तिनं एक तलंग आणली होती, अंड्यावर आलेली, तुकतुकीत. लोम्बेनं गुडघे टेकून दोन्ही हातांनी ती घेतली आणि संध्याकाळी आईच्या कोंबड्यांत सोडून दिली. दुसरं काय करणार? भेट म्हणून आलेली कोंबडी आपल्या कोंबड्यांतच सोडतात. वेगळी बांधली तर देणाऱ्याच्या तोंडावर थुंकल्यासारखं होतं. पेट्या चालवणारी, पिल्लांना लस टोचणारी, चार बायकांना शिकवणारी लोम्बे हे सगळं जाणून होती. नवी कोंबडी तीन आठवडे लांब ठेवा, असं तीच लोकांना सांगायची. लोकांना सांगणं सोपं असतं.

नवव्या दिवशी तलंगेनं मान टाकली. मग एकेक. मानमोडीला दया नसते. हिरवी विष्ठा, लुळे पंख, मान मुरगळून पाठीवर. बारा दिवसांत सतरा खड्ड्यात गेल्या. खुराड्याला चुना फासल्यावर तिला स्वयंपाकघरातली कोंड्याची टोपली आठवली. तलंग येण्याआधीच्या आठवड्यातली, म्हणजे रोग शिरण्याआधीची चौदा अंडी. सातव्या दिवशी टॉर्च लावून बघितलं, तर तीन पोचट निघाली. राहिली अकरा.

मोठीआईला तिनं फोनवर सांगितलं होतं, "कोंबड्या मजेत आहेत."

नऊ वाजता थर्मामीटर पस्तीसवर होता आणि बाहेर फाटकाशी कुणीतरी टाळ्या वाजवत होतं. घरात येण्याआधी वाजवतात तशा, हळू, ओंजळीतल्या.

"कुणी आहे का घरात?"

आवाज ओळखीचा होता.

फाटकात मोठीआई उभी होती. अंगाला आडवं गुंडाळून बांधलेलं निळं छापील कापड, चितेंगे, डोक्यावर बोचकं, आणि काखेत कोंबडी. पाय सालीच्या दोरीनं बांधलेली, लाल, भरल्या अंगाची.

"मोठीआई! आज तर तारीख नव्हती तुमची."

"डॉक्टरला लग्नाला जायचंय म्हणे, म्हणून आधी बोलावलं. मेल्याला लग्नाची हौस, आणि धावपळ माझ्या गुडघ्यांची." मोठीआईनं काखेतली कोंबडी पुढे केली. "घे. गेल्या वेळची एकटी पडली असेल, तिला सोबत."

लोम्बेचे गुडघे आपोआप टेकले, हात आपोआप पुढे झाले. लहानपणापासूनची सवय अशी एका सकाळीत सुटत नाही. कोंबडी तिच्या हातात आली, गरम, धडधडणारी. नाकाशी थोडं ओलं होतं. की दव असेल?

"देवाचे आभार, मोठीआई."

"बांधून काय ठेवतेस?" लोम्बे कोंबडी परड्यातल्या लांबच्या पेरूखाली एका पायानं बांधायला लागली तशी मोठीआई म्हणाली. "सोड की आतल्यांत. आणि आहेत कुठं त्या? इतकं ऊन आलं, एकीचा आवाज नाही."

"कोंडल्यात. घार फिरतेय सध्या."

"घार?" मोठीआईनं वर पाहिलं. तिचे डोळे अधू होते, पण आभाळ रिकामं आहे एवढं तिला दिसलं.

लोम्बेनं कोपरापर्यंत साबण लावला, पुन्हा लावला, कपडे बदलले. परत येऊन बघते तर थर्मामीटर चौतीस. बाटल्या गार पडल्या होत्या. तिनं पेटीत काय आहे ते मोठीआईला सांगितलं, पण अर्धंच. आईच्या कोंबड्यांची अंडी आहेत, आज-उद्या फुटतील, वीज गेलीय.

"मग खुडुक कोंबडीखाली ठेव ना. सतरांत एखादी तरी खुडुक असेल."

"नाही... आत्ता नाही कुणी."

"सतरांत एकही नाही?"

"पाणी बघते," म्हणून लोम्बे अंगणात सटकली. तापायला ठेवलेलं पाणी अजून कोमट होतं. खोटं बोलणं हेही एक उबवणंच. एकदा बसलं की उठता येत नाही. तिनं कोळसा घातला, तोवर चिशालाच्या आईनं कुंपणावरून हाक मारली की तिच्याकडे पातेलंभर आधण तयार आहे, हवं तर घेऊन जा. लोम्बे बाटल्या घेऊन तिकडे पळाली. बोलण्यात दोन मिनिटं गेली, भरण्यात पाच.

परत आली तेव्हा अंगणातली शेगडी जागेवर नव्हती.

खोलीचं दार बंद होतं. खिडकीसुद्धा. दार ढकलल्यावर तो वास आला, जड, डोक्यात शिरणारा. पेटीच्या अगदी पुढ्यात शेगडी लाल फुलली होती, पेटीचं दार वीतभर उघडं होतं म्हणजे ऊब आत जावी, आणि शेजारी जमिनीवर मोठीआई भिंतीला टेकून, डोळे मिटून बसली होती.

"मोठीआई!"

"काय ओरडतेस... जरा डोकं धरलंय. बघ कशी ऊब झालीय."

दर थंडीत वस्तीत कुणीतरी असं मरतंच. शेगडी आत घेतात, दार लावतात, सकाळी दार फोडावं लागतं. लोम्बेनं पेटीचं दार ढकललं, फडकंही न घेता शेगडीची कडी धरली आणि ती तशीच फरफटत बाहेर नेली. तळहात भाजला. खिडकी उघडली, मोठीआईला बखोट्याला धरून उंबऱ्यावर आणलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं? कुणी? या धुरानं माणूस मरतं, पिल्लाचं काय घेऊन बसलात! एकदा सगळ्या मारल्यात त्या पुरे नाहीत का तुम्हाला?"

बोलून गेल्यावर तिला कळलं आपण काय बोललो ते. थोरल्या माणसावर तिनं जन्मात आवाज चढवला नव्हता. कुंपणापलीकडे चिशालाच्या आईचं पातेलं वाजायचं थांबलं.

"कुणाला मारलं मी?" मोठीआईनं विचारलं.

आता मागे फिरता येत नव्हतं. लोम्बे रडत रडत सांगत गेली. तलंग, नववा दिवस, सतरा, खड्डा, चुना. "तुमची तलंग आजारी होती. तुम्हाला माहीत नव्हतं, मला कळायला हवं होतं. मीच सोडली तिला. आईनं शेवटचं काय विचारलं ठाऊक आहे ना तुम्हाला? आता ही अकरा आहेत. एवढीच आहेत, मोठीआई."

मोठीआईनं पेरूकडे पाहिलं. खाली बांधलेली लाल कोंबडी माती उकरत होती.

"ती माझी नाही," ती शेवटी म्हणाली.

"काय?"

"ती लाल. बसस्टँडवर घेतली सकाळी, पोत्यातून कोंबड्या विकणाऱ्या एका बाईकडून. माझ्याकडे देण्यासारखी राहिली नाही. त्याच महिन्यात माझ्याही गेल्या. मी म्हटलं, थंडीनं गेल्या. मनाशी म्हटलं. पण मान कशी मुरगळते ते काय मी पाहिलं नव्हतं? तुला फोन केला तेव्हा हेच विचारायला केला होता. तू म्हणालीस मजेत आहेत, आणि मला इतकं बरं वाटलं की पुढे विचारलंच नाही." तिनं चितेंगेच्या टोकानं नाक पुसलं. "कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतंय का? आपण दोघींनी दोन बाजूंनी झाकलं."

"मग पुन्हा का आणलीत?"

"रिकाम्या हातानं बहिणीच्या घरात येऊ?"

लोम्बेनं आत जाऊन काच पुसली. तेहतीस. पत्र्याला कान लावला. काही नाही. पुन्हा लावला. खूप वेळानं एकदाच चिवचिव, थकलेली.

मोठीआई मागे येऊन उभी होती. "पत्र्याचं हे खोकं मेलंय, लोम्बे. ते सोड. खुडुक कोंबडीला घारीनं उचललं तर आम्ही अंडी फेकत नव्हतो. मी पोटाशी बांधून ठेवलीत एकदा. दोन दिवस. आण इकडे."

ती चितेंगेची गाठ सोडायला लागली, आणि लोम्बेची नजर त्या निळ्या कापडावर गेली. पहाटेपासून बसमध्ये ती लाल कोंबडी याच कापडात, याच काखेत होती. कापडावर एक पीस अजून चिकटलेलं होतं.

आत्ताच एवढं तोडून बोललेली, आता आणखी? पण अकरा होती.

तिनं गुडघे टेकले. "मोठीआई, रागावू नका. आधी आंघोळ करा. साबण लावून, डोक्यावरून. आणि अंगावरचं सगळं बाहेर ठेवा. ते अंड्यांना लागायला नको."

पाहुण्या आलेल्या म्हातारीला, जूनच्या थंडीत, तू घाण आहेस असं सांगण्यासारखंच होतं ते. मोठीआईनं सोडलेली गाठ पुन्हा बांधली. मग ती म्हणाली, "पाणी गरम आहे ना तरी?" आणि न्हाणीकडे वळली.

अंड्यांसाठी आणलेल्या आधणातलं अर्धं लोम्बेनं तिच्या बादलीत ओतलं. मग ट्रंक उघडली. आईचं पिवळं चितेंगे तळाशी होतं, काळ्या पक्ष्यांच्या नक्षीचं, वर्षभर कुणी न नेसलेलं. न्हाणीच्या दारावरून तिनं ते आत दिलं. आतलं पाणी ओतल्याचा आवाज थांबला. बऱ्याच वेळानं मोठीआई ते नेसून बाहेर आली.

सहा अंडी मोठीआईच्या पोटाशी, पाच लोम्बेच्या. मध्ये कोमट पाण्यात पिळलेलं मऊ फडकं, वरून कापड गच्च नाही आणि सैलही नाही असं बांधलेलं, जशी बाळं पाठीशी बांधतात तशी पुढच्या बाजूला. दोघी एकाच पलंगावर कुशीवर, तोंडं समोरासमोर, अंगावर खाणीचा कोट आणि चार पांघरुणं. हलायचं नाही. खोकायचं असेल तर हळू.

दहा वाजले. अकरा वाजले. लोम्बेचा खांदा बधिर झाला, भाजलेला तळहात ठणकायला लागला. आपल्या अंगाची ऊब पुरते का नाही हे सांगणारा थर्मामीटर माणसाच्या पोटात नसतो. तिला नुसता गुळगुळीत भार कळत होता, पाच ठिकाणी, आणि एकही हलत नव्हता.

खिडकीत चिशालाच्या आईचं डोकं आलं. "हे काय? भरदुपारी दोघी पलंगावर? अंडी घालताय की काय?"

"घातलेली आहेत," मोठीआई म्हणाली. "उबवतोय. उबवायला कोंबडा लागत नाही, तू आत ये आणि पायाशी गरम बाटल्या ठेव."

चिशालाची आई हसली नाही. तिनं सकाळी कुंपणाआडून सगळं ऐकलं होतं. हातपाय धुऊन ती आत आली, बाटल्या ठेवल्या, फडकी पुन्हा कोमट पाण्यात पिळून दिली, आणि मग दर अर्ध्या तासानं न सांगता येत राहिली. जाताना एकदा फक्त म्हणाली, "ऑम्लेटचं मी गमतीनं बोलले गं."

साडेबारा वाजता मोठीआईचे डोळे मोठे झाले.

"काय झालं?"

"श्श." तिनं हात पोटावर ठेवला, न दाबता. "ठोकतंय."

"कुठलं?"

"खालचं. बेंबीपाशी. अगं, ठोकतंय हे!" आणि ती सत्तरीची बाई रडायला लागली, अंग हलू नये म्हणून आवाज न करता. "माझ्या धाकटीच्या कोंबड्या. लग्नात तिच्या डोक्यावर टोपली मी दिली होती. दोन होत्या. एक सारखी चोच मारायची मला."

लोम्बे स्वतःच्या पोटाकडे कान देऊन पडून राहिली. तिच्याकडे काहीच होत नव्हतं. एक वाजला. मोठीआईकडे दुसरं ठोकायला लागलं. लोम्बेच्या मनात आलं, मी लेक, माझ्याच हातून गेल्या, माझ्या पोटाशी का जगतील! हा वेडेपणा आहे हे तिला कळत होतं, तरी तो विचार जाईना. तिनं डोळे मिटले आणि मनात आईला म्हणाली, पाणी ठेवलं होतं, आई, पाणी रोज ठेवलं होतं.

दोनच्या सुमाराला तिच्या डाव्या बरगडीखाली बारीक काहीतरी खरवडलं. नख लागावं तसं. पुन्हा खरवडलं.

"आलं का?" मोठीआईनं विचारलं. लोम्बेनं मान हलवली.

साडेतीनला गल्लीत आरडाओरडा झाला आणि पेटीतले दिवे लागले, पंखा घरघरला. दोघींनी लगेच उठायची घाई केली नाही. ट्रेमध्ये कढत पाणी घालून, काच धुरकट होईपर्यंत, काटा साडेसदतीसवर येईपर्यंत थांबल्या. मग चिशालाच्या आईनं एकेक अंडं दोघींच्या पोटाशी हात घालून काढलं आणि आत ठेवलं. अकरांतल्या चारांवर तारा फुटावा तसा तडा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सात पिल्लं झाली. चार अंडी तशीच राहिली. सातांतली दोन साधी होती, आणि पाच बोडक्या मानेची, ओली, कुरूप, मान सावरता न येणारी. लोम्बेनं काचेला कपाळ टेकवलं आणि मोठ्यानं मोजलं, पुन्हा मोजलं, आणि सकाळपासून धरून ठेवलेलं रडू तिला तिथं आलं.

मोठीआई त्या वेळी परड्यात होती. डोळे दाखवून आल्यावर ती घरात आलीच नव्हती. तिनं आपलं निळं चितेंगे नेसलं होतं, पिवळं धुऊन दोरीवर टाकलं होतं, आणि पेरूखालची लाल कोंबडी सोडून, पाय पुन्हा बांधून काखेत मारली होती.

"ही माझी मी घेऊन जाते," ती अंगणातूनच म्हणाली.

लोम्बे उंबऱ्यावर आली. दिलेली भेट परत घेऊन जाणारा पाहुणा तिनं जन्मात पाहिला नव्हता. आणि ती परत जाऊ देणारं घर, त्याला लोक काय म्हणतात, ते तिला ठाऊक होतं. पण तिनं "राहू द्या" म्हटलं नाही.

"पिल्लं बघून जा ना, मोठीआई. आत या."

"या कपड्यांत? वेडी आहेस." ती बाहेरून खिडकीशी गेली आणि डोळे बारीक करून आत पाहत राहिली. एवढ्या लांबून तिला काही दिसणं शक्य नव्हतं. पण आवाज येत होता. "किती?"

"सात. दोन तुम्ही न्या, थोडी मोठी झाली की."

"माझं खुराडं चुन्यानं धुऊ दे आधी. पुढल्या वर्षी बघू." आणि ती फाटकाकडे चालायला लागली.

रस्त्यावर बायका खांब बघत उभ्या होत्या. त्यांतली एक म्हणालीच, "आजी, कोंबडी परत चालली? ठेवून घेतली नाही का लेकीनं?"

"मीच मागून घेतली!" मोठीआईचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. "माझी कोंबडी, माझी मर्जी. म्हातारीचं डोकं फिरलंय म्हणा, जा!"

लोम्बेला तो आवाज आतपर्यंत लागला. आपली लाज म्हातारी स्वतःच्या डोक्यावर घेऊन चालली होती, आणि जाताना तिच्या हातात देण्यासारखं घरात काही नव्हतं. पाहुणा रिकामा जात नाही. तिनं दोरीवरचं पिवळं चितेंगे ओढलं, अर्धवट ओलंच, आणि अनवाणी धावत सुटली.

"मोठीआई!"

म्हातारी वळली. लोम्बेनं रस्त्यातच, सगळ्यांच्या देखत, गुडघे टेकले आणि कापड दोन्ही हातांवर पुढे धरलं.

मोठीआईनं कापडाकडे पाहिलं. एका हातानं भेट घेत नाहीत. तिनं काखेतली लाल कोंबडी खाली रस्त्यावर, कोळशाच्या भुकटीत ठेवली, हात निळ्या चितेंगेला नीट पुसले, आणि मग आपल्या धाकट्या बहिणीचं कापड दोन्ही हातांनी घेतलं.